परदेशांतील सहाध्यायी

आमच्या घरांत दर गुरुवारीं रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, एक पत्र वाचलें जातें. पूर्वीं पत्र म्हणजे टपालाचा कागद असे. आतां तें पुतण्याच्या मोबाईलवर उमटतें, एवढाच फरक. लिहिणारी त्याची मुलगी, नात्यानें माझी नात. सन २०२१ च्या ऑक्टोबरांत ती शिरोळहून जर्मनींतील ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गांवीं शिकावयास गेली, आणि तेव्हांपासून हा नेम चालू आहे. गुरुवारीं नरसोबाच्या वाडीस जाऊन यावें, घरीं प्रसाद वांटावा, आणि मग पत्र ऐकावें. पुतण्या वाचतो, आम्ही नऊ माणसें ऐकतों. सर्वांत कान देऊन ऐकतात त्या माझ्या थोरल्या वहिनी, म्हणजे मुलीची आजी. पत्र संपलें कीं त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "तें सगळें राहूं दे. ती जेवली कोणाबरोबर, तें सांग."

या सदराच्या दोघां-तिघां वाचकांनीं मला जवळजवळ हाच प्रश्न, जरा सभ्य भाषेंत, विचारला आहे. मुलगा अगर मुलगी परदेशीं वसतिगृहांत राहणार. शेजारीं कोणी इराणी, कोणी व्हिएतनामी, कोणी पोलिश. स्वयंपाकघर सर्वांस मिळून एक. अशा संगतींत मुलांस खरोखर कांहीं लाभ होतो, कीं हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागल्यासारखें होतें? हा प्रश्न आतां थोड्या घरांचा राहिलेला नाहीं. एकट्या जर्मनींत सन २०२२-२३ च्या हिवाळी सत्रांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४२ हजारांच्या वर गेली, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत आपला क्रमांक चीनच्याही पुढें, पहिला लागला. तेव्हां जें थोडेंबहुत माझ्या पाहण्यांत व ऐकण्यांत आलें, तें सांगतों.

मुलगी जाण्यापूर्वीं आमच्या माजघरांत दोन दिवस वाद चालला होता. समुद्रोल्लंघनाचा निषेध आतां कोणी उकरून काढीत नाहीं. तें प्रकरण आमच्या आजोबांच्या काळींच निकालांत निघालें. पैशाचा प्रश्न होता, तो पुतण्यानें बँकेचें कर्ज काढून सोडविला. वहिनींची हरकत निराळीच होती. वसतिगृहाच्या माहितीपत्रकांत, एका मजल्यावर बारा खोल्या व बारा जणींत एक स्वयंपाकघर, असें छापलें होतें. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "बारा जणींची एक चूल. मग त्यांतली आपली कोणती?" आम्ही सारीं हंसलों. मागाहून मात्र तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना. ज्यानें उभा जन्म विभक्ति-प्रत्यय शिकविण्यांत घालविला, त्यास इतकें ठाऊक असतें कीं षष्ठी चालविणें सोपें, पण अमुक वस्तु 'आपली' कशानें होते, हें सांगणें कठीण.

त्या वादांत मीं आनंदीबाई जोशी यांचें नांव काढलें. कोल्हापूरकरांस त्यांच्याविषयीं विशेष ओढ असावयास हवी, आणि ती बहुधा नसते. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस होते. ते कोल्हापुरास असतांनाच त्यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकन मिशनरी मंडळींशीं पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. आणि सन १८८० मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या तो दृष्टीस पडला, दंतवैद्याच्या दारीं आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या असतांना! पुढचें सारें त्यांतून निघालें. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्यास बोटीवर चढल्या, ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या, आणि त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत दाखल झाल्या. वय अठरा. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई इंग्लंडांतून मुद्दाम गेल्या होत्या. त्यानंतर त्यांची नेमणूक झाली ती आमच्या कोल्हापुरांत, आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री-विभागावर. हेंच आतांचें सी. पी. आर. इस्पितळ. परंतु त्या जागेवर रुजू होणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या; बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

ही कथा आपल्या घरांतून पुष्कळदां सांगितली जाते, परंतु नेहमीं एकाच सुरांत. थंडी, उपासमार, आजार, मृत्यु. एका कोंवळ्या स्त्रीनें सोसलें, सोसलें आणि सोसलें. तें खोटें नाहीं. पण त्या तीन वर्षांत आनंदीबाईंनीं केवळ सोसलें, त्यांस सुखाचा एक घांसही मिळाला नाहीं, असें मानणें म्हणजे त्यांजवर अन्याय करणें होय. निघण्यापूर्वीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याजवळच्या सेरामपुरास भाषण करतांना त्यांनीं जाहीर सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार. तें त्यांनीं पाळलें. मात्र पाळतांना दारें लावून घेतलीं नाहींत. श्रीमती कार्पेंटर यांस त्यांनीं मावशी मानलें, आणि त्यांच्या घरीं स्वतः रांधून अमेरिकन मंडळींस आपल्या पद्धतीचें जेवण घातलें. परक्या गांवीं आपण पाहुणे म्हणून गेलेलों, पण आपल्याला यजमान होण्याचाही अधिकार आहे, हें त्या मुलीला अठराव्या वर्षीं उमगलें होतें. माझ्या मतें सगळी गोडी तेथें आहे.

त्या काळचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याची एक प्रत मीं माझ्या वर्गाच्या भिंतीवर कित्येक वर्षें लाविली होती. तारीख १० ऑक्टोबर १८८५. प्रसंग महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांच्याकडील स्वागतसमारंभाचा. तीन विद्यार्थिनी ओळीनें आहेत. पहिल्या आनंदीबाई, साडी नेसलेल्या. मधल्या केई ओकामी, जपानच्या, किमोनो घातलेल्या. तिसऱ्या साबात इस्लांबूली, दमास्कसच्या, आपल्या देशाच्या पोशाखांत. अमेरिकन मंडळींस तो एक देखावाही वाटला असेल. 'पाहा आमच्या शाळेंत कोठकोठच्या मुली येतात' असें मिरविण्याची हौस त्यांत नव्हतीच, असें मी म्हणणार नाहीं. पण माझ्या वर्गांतील एका मुलीनें एकदां मला विचारलें, "गुरुजी, या तिघी एकमेकींशीं कोणत्या भाषेंत बोलत असतील?" इंग्रजींत, दुसरें काय! आणि ती भाषा तिघींसही परकी. कोणी चुकली तर हंसावयाचें कोणी? सहाध्यायांमध्यें याहून चांगली समता दुसरी कोणती असूं शकेल, मला ठाऊक नाहीं.

ओकामीबाई सन १८८९ मध्यें पदवी घेऊन जपानास परतल्या. त्यांच्याच बरोबर त्या वर्षीं पदवी मिळालेल्यांत सूझन ला फ्लेश ही अमेरिकेंतील मूळच्या ओमाहा जमातीची मुलगी होती, म्हणजे त्या शाळेंत अमेरिकेचीच मुलगी इतरांइतकी परकी होती. टोकियोच्या एका इस्पितळांत ओकामीबाईंनीं काम केलें. पण सम्राटांच्या भेटीच्या वेळीं, स्त्री-वैद्य पुढें नको, असें झालें, तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली. इस्लांबूलीबाईंस पदवी सन १८९० मध्यें मिळाली. घरीं परतल्यावर तिघींसही घर पूर्वींसारखें सोपें राहिलें नसावें.

हें सर्व मीं माजघरांत सांगितलें. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या आनंदीबाईंची चूल वेगळी होती का?" मग मी ग्योटिंगेनकडे वळलों. हें नांव संस्कृत शिकलेल्या माणसास परकें नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ज्यांनीं संस्कृत शिकविलें व पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध आवृत्ति सिद्ध केली, ते फ्रान्झ कीलहॉर्न हिंदुस्थान सोडल्यावर याच विद्यापीठांत जाऊन राहिले. आणि याच विद्यापीठानें सन १८८५ मध्यें रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस सन्मान्य पदवी दिली. मला वाटलें, यानें तरी काम होईल. वहिनी म्हणाल्या, "तो कीलहॉर्न जेवत काय असे?" येथें माझी विद्या संपली. मुलगी मात्र गेली.

पहिल्याच महिन्यांत कढईचें प्रकरण झालें. तिनें घरून बिडाची लहान कढई नेली होती. एके संध्याकाळीं पाहते तों तींत कोणी मांस परतलेलें. दोष कोणाचा नव्हता. त्या स्वयंपाकघरांत ओट्यावर राहिलेलें भांडें सामाईक समजावें, असा रिवाज. पोरीनें रात्रभर डोळ्यांतून पाणी काढलें आणि दोन दिवस पाव व दही खाऊन राहिली. गुरुवारच्या पत्रांत हें आलें तेव्हां वहिनींनीं तात्काळ निर्णय दिला : लोखंडास अग्नीची शुद्धि पुरते, कढई रिकामी तापवून घे. परंतु तेथें अग्नि नाहीं, विजेची तबकडी आहे. तिनें शुद्धि होते किंवा कसें, यावर आमच्या ओसरीवर जो शास्त्रार्थ झाला, तो याज्ञवल्क्यानें ऐकावयास हवा होता. तो चालू असतां तिकडे प्रश्न सुटलाही होता. शेजारच्या खोलींतील इराणी मुलीनें कढई घासून, तापवून दिली, आणि सांगितलें कीं माझेंही दुखणें हेंच आहे. मला डुकराचें चालत नाहीं, आणि लोक माझ्या तव्यांत तें भाजतात. मग दोघींनीं मिळून युक्ति काढली. आमच्या कढईच्या कडीस लाल दोरा, तिच्या तव्यास हिरवा. दोन्ही भांडीं एका फळीवर, शेजारीं शेजारीं. इतर दहा जणींस दोऱ्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि त्यानंतर ती आगळीक पुन्हां झाली नाहीं. वहिनींनीं तें पत्र दोनदां वाचून घेतलें.

दुसरें प्रकरण फोडणीचें. स्वयंपाकघराच्या दारावर एक दिवस चिठ्ठी लागली : तेलांत तो पिवळा मसाला टाकतांना खिडकी उघडावी व दार लावावें, वास खोल्यांत येतो. भाषा सभ्य होती, पण मुलीला लागली. हिंगासारख्या वस्तूला कोणी नांवें ठेवावीं! चार दिवस तिनें उकडलेलें खाल्लें. मग तिनें चिठ्ठी लिहिणाऱ्या जर्मन मुलीलाच जेवावयास बोलाविलें आणि थालीपीठ घातलें. ती मुलगी हिंगाला शेवटपर्यंत रुळली नाहीं, थालिपिठाला रुळली. खिडकी मात्र आमची नात आतां उघडते. एवढें व्हावयास पांच आठवडे लागले, आणि परदेशांतील सहवास म्हणजे बव्हंशीं असलेंच कांहीं असतें, हें मुलांस पाठविणाऱ्या आईबापांनीं जाणून असावें. सणसमारंभाचीं छायाचित्रें घरीं येतात. दारावरच्या चिठ्ठ्या येत नाहींत.

पण सणांची मौज नाकारण्यांतही अर्थ नाहीं. सन २०२३ च्या २२ जानेवारीस व्हिएतनामी नववर्ष आलें. त्या लोकांचें त्या दिवशींचें पक्वान्न म्हणजे चिकट तांदूळ, मूग व डुकराचें मांस पानांत गुंडाळून तासन् तास उकडलेला चौकोनी पुडा. त्या मजल्यावरच्या व्हिएतनामी मुलीनें दोन पुडे केवळ मुगाचे केले व ते निराळे बांधले. आमच्या मुलीनें लिहिलें, "आजी, ही तर पानांत बांधलेली मुगाची खिचडी!" आणि मार्च महिन्यांत तर त्या एका स्वयंपाकघरांत तीन पंचांगें एकत्र आलीं. २० मार्चच्या रात्रीं सूर्य विषुववृत्तावर आला आणि इराणी नवरोज लागला. २२ मार्चला आमचा पाडवा. आणि २३ मार्चला रमजानचा पहिला रोजा.

नवरोजाचा थाट तिनें सविस्तर लिहिला होता. इराणी घरांत त्या दिवशीं 'स' या अक्षरानें आरंभ होणाऱ्या सात वस्तु मांडतात, त्या मांडणीस हफ्त-सीन म्हणतात. सफरचंद, लसूण, शिरका, आणि ताटांत रुजविलेले गव्हाचे हिरवे कोंब. माझी पत्नी एकदम म्हणाली, "अहो, हे तर आपण नवरात्रांत घटाखालीं धान्य रुजवितों तेंच!" तेंच किंवा त्याचें भावंड. आणि हफ्त म्हणजे काय? आपला सप्त. संस्कृतांतील 'स' इराणांत 'ह' होतो, सिंधूचा हिंदु होतो तसा. त्या हफ्तापासून सात दिवसांचा हफ्ता झाला, आणि तो मराठींत येऊन हप्ता झाला, जो माझा पुतण्या या मुलीच्या कर्जापायीं दर महिन्यास बँकेंत भरतो! त्या गुरुवारीं मीं यावर अर्धा तास व्याख्यान दिलें, असें घरची मंडळी म्हणतात. मला तें दहा मिनिटांचें वाटलें.

पाडव्याची हकीकत अशी. काठी पडद्याची. खण वहिनींनीं पेटींत घालून दिलेला. गडू नव्हता, म्हणून स्टीलचा पेला उपडा घातला. कडुनिंब कोठून मिळणार? कांहींतरी कडू हवें, एवढें कळल्यावर त्याच जर्मन मुलीनें चिकोरीचीं कडू पानें आणून दिलीं, तीं बारीक चिरून तपकिरी साखर व ओवा यांत कालविलीं. गुढी खिडकींत उभारून नातीनें उदबत्ती लाविली, आणि छताला बसविलेली धुराची घंटा ठणाणा करूं लागली. नियम असा कीं, घंटा झाली म्हणजे सर्वांनीं इमारत सोडून खालीं जावयाचें. साऱ्या इमारतींतलीं मुलेंमुली, कोणी ओल्या केसांनीं, कोणी चपलेवांचून, दहा मिनिटें थंडींत उभीं. वर तिसऱ्या मजल्यावर खिडकींत गुढी. हें काय आहे, असें कोणी तरी विचारलें, आणि मुलीला त्या अंगणांत उभ्यानें शेंदीडशें माणसांस गुढी समजावून सांगावी लागली, तीही जर्मनींत. दंड झाला नाहीं, ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशीं इराणी मुलीचा रोजा सुटण्याच्या वेळीं आमच्या मुलीनें तिला भात व आमटी केली, लाल दोऱ्याच्या कढईंत.

असें सर्व गोड लिहून वाचकांची फसवणूक करण्याची माझी इच्छा नाहीं. डिसेंबरांत तिकडे चार-साडेचारला अंधार पडतो. त्या दिवसांतलीं तिचीं पत्रें चार ओळींचीं असत. दिवाळीच्या दिवशीं तिची परीक्षा होती. शिवाय तिनेंच लिहिलें आहे कीं, आपलीं पुष्कळ मुलें आपल्याच घोळक्यांत राहतात. मराठी मराठींत, तेलगू तेलगूंत. दोन वर्षें होऊन जातात आणि भिंतीपलीकडच्याचें नांव ठाऊक नसतें. त्यांस मी दोष देत नाहीं. परक्या ठिकाणीं ऊब जेथें मिळेल तेथें माणूस बसतो. पण मग तीं मुलें परदेशीं गेलीं असें म्हणण्यापेक्षां त्यांची खोली तेवढी परदेशीं गेली, असें म्हणणें बरें.

आतां मला जें खरें सांगावयाचें आहे, त्याकडे येतों. आमच्या शिरोळ तालुक्यांत बहुविधतेचा दुष्काळ नाहीं. मराठी व कानडी दोन्ही भाषा बाजारांत चालतात. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, सर्वांचीं घरें शेजारीं शेजारीं आहेत. कुरुंदवाडांत तर मशिदींत गणपति बसतो. कोल्हापुरास विद्यार्थी-वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनीं प्रथम सर्व जातींच्या मुलांसाठीं एकच वसतिगृह काढून पाहिलें. पण त्याचा लाभ बहुतेक आम्हां ब्राह्मणांच्या मुलांसच होऊं लागला, म्हणून सन १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशीं निरनिराळीं वसतिगृहें निघालीं. त्या वसतिगृहांनीं हजारों मुलें शिकलीं. पण एकत्र चूल पेटली नाहीं, ती कां पेटली नाहीं, याचा जाब आमच्या घरांस द्यावा लागतो.

डॉ. आंबेडकर सन १९१३ मध्यें न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांत नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या जोडीनें ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. सन १९१७ मध्यें तेच आंबेडकर बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत नांव बदलून राहिले, तर तेथूनही त्यांस बाहेर काढण्यांत आलें. न्यूयॉर्कांत जें सहज झालें, तें बडोद्यांत होईना. परदेशांतील सहवासाचें कौतुक करतांना हें वर्ष, १९१७, मला नेहमीं आडवें येतें.

आणि आणखी एक गोष्ट आडवी येते, ती घरची. शाळेंत माझा एक जिवलग सोबती होता, मुसलमान. सुभाषितें त्याला माझ्याहून चांगलीं पाठ येत. आम्ही पंचगंगेवर पोहावयास जात असूं, आणि नदीकांठीं त्याच्या फडक्यांतली भाकरी मीं कित्येकदां खाल्ली, घरीं न सांगतां. तो आमच्याकडे येई तेव्हां अंगणांत उभा राही. पाणी मागितलें तर त्याच्यासाठीं एक पितळी पेला कोनाड्यांत निराळा होता. त्यांत वरून ओतलें जाई, आणि पिऊन झाल्यावर तोच तो विसळून कोनाड्यांत ठेवी. त्यानें कधीं कांहीं म्हटलें नाहीं. मींही म्हटलें नाहीं. मॅट्रिकनंतर तो इचलकरंजीस मागावर गेला. पुढें पस्तीस वर्षें मीं मुलांस 'वसुधैव कुटुम्बकम्' यांतील संधि सोडवून दाखविला.

सन २०२३ च्या ऑगस्टांत पत्र आलें कीं, सुट्टींत ती इराणी मैत्रीण बरोबर येऊं इच्छिते. गौरी-गणपति पाहावयाचे आहेत. पुतण्यानें वाचणें थांबविलें. सगळ्यांनीं वहिनींकडे पाहिलें. त्या दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, "तिचा तवा निराळा असतो, नाहीं का? मग तिला सोंवळें कळतें. येऊं दे."

गणपति त्या वर्षीं १९ सप्टेंबरला बसले. गौरीच्या जेवणाला बायकांची पंगत माजघरांत बसली. मला धास्ती होती कीं त्या मुलीला पाटावर बसणें जमेल कीं नाहीं. पण जमिनीवर दस्तरखान पसरून जेवण्याची चाल तिच्या आजोळीं आहे. आमच्या पुण्याच्या सुनांपेक्षां ती नीट मांडी घालून बसली. वहिनींनीं पुरणाशिवाय साखर-केशर घातलेला भात केला होता, ज्यास आमच्या घरीं जुन्या बायका बिरंज म्हणतात. वाढतां वाढतां त्यांनीं सांगितलें, "हें बिरंज." मुलगी चमकून नातीकडे पाहूं लागली. फारशींत तांदुळाला बिरिंजच म्हणतात. वहिनींस तें समजावून सांगितलें, तेव्हां त्यांनीं क्षणभर हातांतल्या पळीकडे पाहिलें आणि तिला आणखी एक पळी वाढली. माझें व्याख्यान या वेळीं कोणी होऊं दिलें नाहीं.

जेवणें झालीं. मी ओसरीवर सुपारी कातरीत होतों. वहिनी येऊन उंबऱ्याशीं बसल्या आणि हळू आवाजांत म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा तो शाळेंतला सोबती. पाणी मीच ओतीत होतें ना त्याच्या पेल्यांत?"

मीं होय म्हटलें.

"कोठें असतो आतां?"

गौरी-गणपतीचें विसर्जन झाल्यावर मी इचलकरंजीस गेलों. तासाभराचाच रस्ता आहे. विचारीत विचारीत घर सांपडलें. तो बाजारांत गेला होता. त्याच्या सुनेनें मला आंत बोलाविलें, खुर्ची दिली, न विचारतां चहा ठेवला, आणि कप पुढें करून म्हणाली, "कोण आलंय म्हणून सांगूं?" मीं शाळेचें नांव सांगितलें, चहा घेतला, आणि तो येईपर्यंत बसून राहिलों.